सुधारलेला माणूस

कोंबड्या मेल्या तेव्हा आमच्या घरात कोणी रडलं नाही. रडायला सवड नव्हती. शेडमधून मेलेले पक्षी पोत्यांत भरायचे, पोती खड्ड्यापर्यंत ओढत न्यायची, वर चुना टाकायचा आणि पुन्हा शेडकडे यायचं. आमचे हे खड्ड्यात उतरून चुना पसरायचे. धाकटे दीर गाडी मागे घ्यायचे. मी आणि माझी धाकटी जाऊ पोत्यांची तोंडं बांधायचो. प्रत्येक पोत्यातून काहीतरी पाझरायचं आणि मनगटावरून कोपरापर्यंत ओघळायचं. पहिल्या दिवशी मी दोनदा ओकले. नंतर सवय झाली, आणि त्याच हातांनी आम्ही घरी जाऊन जेवलोही.

सगळ्या शेड रिकाम्या झाल्यावर मालकांनी फाटकाला कुलूप लावलं. आम्ही सगळे बाहेर उभे. मालक म्हणाले, "माझंच घर बसलंय रे, तुम्हाला काय सांगू?" आणि गाडीत बसून गेले. गाडी नवी होती. सीटवरचं प्लास्टिकसुद्धा अजून काढलं नव्हतं.

आमच्या घरात आम्ही पाच माणसं. सासूबाई, आम्ही दोघं, आणि भाऊजी आणि धाकटी. चौघांची पोटं शेडवर होती आणि पाचवं आमच्यावर. आमचे हे दुसऱ्याच दिवशी दगड भरायच्या कामाला लागले. त्यांचं बरं असतं, त्यांना फक्त खांदे लागतात. भाऊजींचं तसं नव्हतं. ते ड्रायव्हर. इतकी वर्षं पक्ष्यांची गाडी घेऊन ते बाजाराला जायचे, आणि गाडी खाली होईपर्यंत बाकीचे ड्रायव्हर जिकडे जाऊन बसायचे तिकडे हा माणूस कधी फिरकला नाही. टपरीवर एक ग्लास दूध प्यायचे आणि केबिनमध्ये येऊन झोपायचे. ड्रायव्हर लोक त्यांना 'बाळ' म्हणायचे. "बाळ, दूध प्यालास का?" म्हणून आमच्या दारात येऊनसुद्धा चिडवायचे. भाऊजी नुसते हसायचे. इस्त्रीचा शर्ट, खिशात कंगवा. कोंबड्यांच्या विष्ठेने माखणाऱ्या गाडीवर इतका नीटनेटका माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आता ते पंक्चरच्या दुकानात लोकांच्या गाड्या धुवायला लागले. पण डोळा होता शाळेच्या बसवर. बसचा जुना ड्रायव्हर थकला होता आणि सुट्टीनंतर येणार नव्हता. भाऊजी शाळेच्या मोठ्या बाईंना भेटून आले. बाई म्हणाल्या, "तुमचं नाव डोक्यात आहे. सुट्टी संपू दे." त्यानंतर भाऊजी रोज सकाळी गाड्या धुवायला जाताना मुद्दाम शाळेवरून जायचे आणि बाई दिसल्या की मान लववायचे.

"बाईंना तोंड पाठ झालं पाहिजे," म्हणायचे.

"तोंड कशाला, तुमचा भांग पाठ झाला असेल," मी म्हणायची.

त्याच दिवसांत मालकांच्या खाद्याच्या गोदामाला रंग लागला. आत केंद्र निघालं. दारावर ही मोठी पाटी, तिच्यावर हसणाऱ्या बाईचं चित्र, आणि खाली लिहिलेलं की इथे माणसं आपल्या पायावर उभी राहतात. जागा मालकांची, म्हणून मालक केंद्राचे अध्यक्ष. ज्यांनी आमच्या पायाखालचं काढून घेतलं तेच आता आम्हाला उभं करणार होते. मी आत पाऊल टाकणार नव्हते. पण धाकटी म्हणाली, "जाऊबाई, आत शिलाई मशिनं आली आहेत. शिकेल तिला एक घरी देणार आहेत म्हणे."

तिला शिवणाचं पहिल्यापासून वेड. माहेरी शेजारच्या शिंप्याच्या दारात बसून तिने चिंध्यांच्या बाहुल्या शिवल्या होत्या. पोत्यांची तोंडं बांधतानासुद्धा तिचे टाके सारखे पडायचे. तिला मशीन पाहिजे होतं. घरात येताच ते कुठे ठेवायचं, ती खिडकीखालची जागासुद्धा तिने पुसून ठेवली होती. सासूबाईंचं गाठोडं तिथून उचलून माझ्या पलंगाखाली गेलं, तेव्हा मला कळलं की ही आता मागे हटणार नाही.

मी पण तिच्याबरोबर गेले. घरी बसून काय करणार होते?

केंद्र चालवणारी मुलगी माझ्या सासरी गेलेल्या लेकीच्या वयाची. तिला सगळ्यांनी ताई म्हणायचं आणि ती आम्हाला 'माझ्या मुलींनो' म्हणणार. तिला टाळ्यांचं भारी वेड. आलात? टाळ्या. दोरा ओवला? टाळ्या. एक बाई शिंकली आणि लाजून हसली, तर तिच्यासाठीसुद्धा टाळ्या. आम्ही मागे तिला टाळीताई म्हणायचो. गोदामाला रंग लागला होता, पण भिंतींत मुरलेला खाद्याचा आंबूस वास कुठे जाणार? उन्हं चढली की तो वर यायचा. ताई मग कसली तरी सुगंधी फवारणी करायची, आणि दोन्ही वास मिळून जे काही व्हायचं ते थेट घशात बसायचं.

शिकवायला एक मास्तर होता, बाजारातला शिंपी. माणूस बरा होता, नाकासमोर चालणारा. पण तिथली रीत निराळी होती. आठवडाभर आम्ही पिशव्या शिवायच्या, अभ्रे शिवायचे, आणि शनिवारी बसून ते सगळं उसवायचं. कापड एकदाच आलं होतं. पुढच्या आठवड्यात शिकायला तेच पाहिजे. माझा हात शिवणावर बसेना म्हणून ताईने मला उसवायच्या कामाला लावलं. हातात अर्धं ब्लेड घेऊन मी शनिवारभर टाके कापत बसायची. कापडाला इतकी भोकं पडली होती की उजेडासमोर धरलं की चाळणीतून बघावं तसं पलीकडचं दिसायचं.

"अहो मास्तर, दुसरं कापड मागा ना," मी एकदा म्हटलं.

"मागितलं," मास्तर म्हणाला. "फोटोत भोकं दिसत नाहीत, ताई म्हणाल्या."

पाहुणे यायचे त्या दिवशी कपाटातून चांगल्या पिशव्या बाहेर निघायच्या, झालरीच्या, नक्षीच्या. त्या मास्तराच्या दुकानातून आणलेल्या असायच्या. पाहुणे त्या हातात घेऊन "वा!" म्हणायचे आणि आम्ही आमचे भोकांचे अभ्रे मशिनाखाली घालून नुसते पाय हलवत बसायचो.

पाहुणे येण्याआधी ताईने एकदा सगळ्यांना गोल बसवलं. म्हणाली, "आज आपण मनोगत शिकू या. पाहुण्यांसमोर आपली गोष्ट सांगायची. लाजायचं नाही. आपण आधी कसे होतो आणि आता कसे झालो."

एकेक बाई उठून बोलायला लागली. कोणी सांगितलं, नवरा सोडून गेला. कोणी सांगितलं, सासूने घराबाहेर काढलं. ज्या बाईची सासू मरून जमाना झाला होता तिनेही सांगितलं, आणि टाळ्या घेतल्या. धाकटीची पाळी आली.

"आधी मी शेडवर होते," ती म्हणाली. "मग कोंबड्या मेल्या. आता इथे येते."

"आणि घरी?" ताईने विचारलं.

"घरी सगळे बरे आहेत."

"नवरा?"

"ते पण बरे आहेत. ड्रायव्हर आहेत."

ताईने मान वाकडी केली. "अगं, असं सांगून कसं चालेल? बरं असलेल्या घराला कोण मशीन देईल? ड्रायव्हर आहे म्हणतेस, म्हणजे घेत असेलच थोडी."

"नाही हो ताई, ते दूध पितात."

सगळ्या बायका खो खो हसल्या. धाकटी कानापर्यंत लाल झाली. ताईपण हसली आणि मग तिच्या खांद्यावर हात ठेवून अगदी मऊ आवाजात म्हणाली, "हे बघ, पाहुणे लांबून येतात. त्यांना तुझा नवरा कोण, तुझं गाव कोणतं, काही माहीत नसतं. चार शब्द बोलायचे आणि विसरून जायचं. आणि सगळ्यांत चांगलं शिवणारी तूच आहेस. तुझं मशीन दुसरीला गेलेलं मला बघवणार नाही."

पाहुण्यांसमोर पहिल्या वेळी ती पडेल आवाजात बोलली. "माझे मिस्टर दारू पितात." एवढंच. ते शब्द तोंडातून निघाले आणि ती माझ्याकडे बघायला लागली. मी ब्लेड खाली ठेवलं. पाहुण्यांपैकी एकीने नाकाला रुमाल लावला होता, तो काढून तिने डोळ्यांना लावला. ताई खूश झाली.

परतताना मी तिला म्हटलं, "धाकटे, हे बरं नाही."

"गोदामातलं बोलणं गोदामात राहतं, जाऊबाई," ती म्हणाली. "शेडवर आपण काय काय बोलायचो? मालकाला किती शिव्या द्यायचो? एक तरी बाहेर गेली?"

ते खरं होतं. शेडवर बायका काम करता करता एकमेकींच्या नवऱ्यांची, सासवांची, मालकाची सालं काढायच्या आणि फाटकाबाहेर पाऊल पडलं की सगळ्या मुक्या. एकीने सांगितलेलं दुसरीने कधी घरी नेलं नाही. आमची तीच पक्की समजूत होती. त्या खाद्याच्या गोदामालाही आम्ही शेडच समजत होतो.

मग पाहुणे वरचेवर यायला लागले. प्रत्येक वेळी ताई धाकटीला उभं करायची. ताईने तिला सांगून ठेवलं होतं की त्या दिवशी धुतलेले कपडे घालून येऊ नकोस. शब्दही वाढत गेले. आधी तो नुसता पीत होता, मग मारायला लागला, मग त्याने घरातली भांडी विकली. कुठे थांबायचं आणि कुठे आवाज कापरा करायचा तेही ताईने शिकवलं. एकदा बोलता बोलता धाकटीला खरंच हुंदका आला. कोणत्या गोष्टीचा आला हे तिलाच ठाऊक. ताई माझ्या कानात म्हणाली, "किती छान झालं ना आज!" मला तिच्या तोंडाला ब्लेड लावावंसं वाटलं.

आणि घरी तोच दारुडा संध्याकाळी पंक्चरच्या दुकानातून यायचा, विहिरीवर हातपाय घासायचा, आणि हिचे पाय सुजलेत म्हणून पाणी गरम करून द्यायचा. पाणी पायांवर पडलं की धाकटी तोंड फिरवून बसायची. "भाजलं का?" ते विचारायचे. ती नाही म्हणायची.

शेवटी मशीन द्यायचा दिवस ठरला. ताई म्हणाली, मोठ्या पाहुण्या येणार आहेत, आणि मशीन धाकटीलाच. कार्यक्रम संपला की घरच्यांना बोलव, घेऊन जा. धाकटीने घरी एवढंच सांगितलं. भाऊजींना आनंद मावेना. पंक्चरवाल्याची हातगाडी त्यांनी मागून आणली, घासून धुतली, चाकाला तेल घातलं, वर पोतं अंथरलं.

"उगाच लवकर येऊ नका हं," धाकटी दोनदा म्हणाली. "आटोपलं की या."

"अगं हो. मला कळतं."

कळतं म्हणाले आणि लवकर आले. एवढं जड मशीन, बायका कशा उचलतील, म्हणून आले. इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून, हातगाडी दारात लावून हा माणूस गोदामात शिरला आणि मागच्या भिंतीला टेकून उभा राहिला. मी त्यांना पाहिलं तेव्हा धाकटी आधीच माइकपाशी होती आणि तिची नजर स्वतःच्या पायांवर होती.

समोर खुर्च्यांवर मालक, मोठ्या पाहुण्या बाई, आणि त्यांच्या शेजारी शाळेच्या मोठ्या बाई. शाळेच्या बाई येणार हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. मधे टेबलावर मशीन, त्याला लाल फीत.

धाकटी बोलली. सगळं बोलली. पिणं बोलली, मारणं बोलली, भांडी बोलली. आवाज जिथे कापरा करायचा तिथे केला. मी मागे वळून भाऊजींकडे बघत होते. आधी त्यांच्या तोंडावर हसू होतं, आपली बायको चार लोकांत माइकवर बोलते याचं. मग त्यांना वाटलं असावं की ती दुसऱ्याच कोणाची तरी गोष्ट सांगते आहे. ते जरा पुढे झुकले, नीट ऐकायला. मग 'माझे मिस्टर, ड्रायव्हर आहेत' हे शब्द आले. त्यांचा हात खिशातल्या कंगव्यापाशी गेला आणि तिथेच राहिला.

टाळ्या पडल्या. मोठ्या पाहुण्या उठल्या, धाकटीला जवळ घेतलं आणि माइकमध्ये विचारलं, "यांचे मिस्टर आलेत का आज?"

ताई म्हणाली, "नाही, ते काही..."

मास्तर गरीब मागे बसला होता. धाकटीची गोष्ट रचलेली आहे हे त्याला काय माहीत? त्याने सरळ मनाने बोट दाखवलं. "हे काय, मशीन न्यायला आलेत!"

सगळं गोदाम वळलं. कोणीतरी त्यांना पुढे ढकललं. धाकटीने तेव्हा मान वर केली. तिचं तोंड मी परत कधी तसं पाहिलं नाही आणि मला पाहायचंही नाही.

पाहुण्या बाईंनी त्यांचा हात धरला. "घाबरू नका. आम्ही रागवायला नाही आलो. खरं सांगा, सोडली का दारू?"

भाऊजींनी आधी मालकांकडे पाहिलं. या मालकांची गाडी त्यांनी इतकी वर्षं एक ओरखडा न उठवता चालवली होती. याच मालकांनी कितीदा म्हटलं होतं, 'माझा हा ड्रायव्हर, बाटलीला शिवत नाही.' मालक हातातल्या गुच्छाची फुलं सरळ करत होते. एकेक फूल नीट करत होते. भाऊजींनी मग शाळेच्या बाईंकडे पाहिलं. मग टेबलावरच्या मशीनकडे. मग धाकटीकडे.

"सोडली," ते म्हणाले.

"शाबास! कोणामुळे सोडली?"

"केंद्रामुळे."

काय टाळ्या पडल्या! मालकांनी गुच्छ मांडीवर ठेवून वाजवल्या. शाळेच्या बाईंनी वाजवल्या. ताई तर उड्या मारत होती. फोटोसाठी दोघांना मशीनच्या दोन्ही बाजूंना उभं केलं आणि भाऊजींना कान पकडायला सांगितलं. त्यांनी पकडले.

हातगाडी ते ओढत होते आणि आम्ही दोघी मागून मशीन धरून चाललो होतो. वाटेत मेलेल्या पक्ष्यांचे खड्डे लागतात. कुत्र्यांनी एक खड्डा उकरला होता आणि चुन्यात माखलेली पिसं रस्त्यावर आली होती. वास नेहमीचाच होता.

"अहो," धाकटी म्हणाली.

"चाक डावीकडे ओढतंय," ते म्हणाले. "नीट धर. पुढे दगड आहे."

घरी सासूबाईंनी मशीनवरून हात फिरवला, फीत सोडून घडी घालून ठेवली. मशीन खिडकीखाली बसलं. धाकटी पाटावर बसून राहिली आणि मग एकदम त्यांच्या पायांपाशी कोसळून रडायला लागली. सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "मशीन मिळालं ना? मग झालं." आणि हातगाडी परत करायला गेले. आमचे हे मात्र भडकले. केंद्रात जाऊन एकेकाला तुडवतो म्हणाले. पण सकाळी दगड भरायला जायचं होतं, आणि ते दगड भरायला गेले.

सुट्टी संपली. भाऊजी शाळेत गेले. मोठ्या बाईंनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. हे त्यांनी आम्हाला आधी सांगितलं, खुर्ची दिली ते. मग बाई म्हणाल्या, "त्या दिवशी मला तुमचा अभिमान वाटला. टाळ्या वाजवताना माझे हात दुखले. माणूस सुधारला की आनंदच होतो. पण तुम्हीच सांगा, लहान मुलांची बस आहे. उद्या पालक मला विचारतील."

"मी कधीच पीत नव्हतो बाई," भाऊजी म्हणाले.

"असं कसं म्हणता? तुम्हीच तर म्हणालात, सोडली."

बाई वाईट नाहीत, मी म्हणते. बाईंनी वर आपल्याकडून भलंही केलं. म्हणाल्या, बसचं नाही जमणार, पण शाळेचे गणवेश तुमच्या मिसेसना शिवायला देते. भाऊजी घरी आले, शर्ट काढून खिळ्याला अडकवला आणि म्हणाले, "गणवेशाचं काम मिळालं." धाकटीने विचारलं, "आणि बस?" ते विहिरीवर गेले.

मला राहवलं नाही. मी मालकांकडे गेले. मालक ओट्यावर दात कोरत बसले होते.

"मालक, तुम्हाला माहीत आहे आमचे भाऊजी कसे आहेत."

"माहीत आहे की. सोन्यासारखा माणूस."

"मग शाळेच्या बाईंना एक शब्द सांगा. तुमचं त्या ऐकतील."

मालकांनी काडी बाजूला ठेवली. "अगं बाई, कसं सांगू? त्याने स्वतः सगळ्यांसमोर कबूल केलं. आता मी खोटं म्हटलं तर केंद्र खोटं पडतं. पाहुण्या मोठी मदत देणार आहेत. तुम्हा बायकांचंच नुकसान होईल ना?" मग जरा हसून म्हणाले, "आणि त्याला काय कमी आहे आता? बायको कमावते."

त्यांच्या दातात काहीतरी अडकलं होतं ते जिभेने चाचपत ते माझ्याकडे बघत राहिले. मी त्यांच्या ओट्याखाली थुंकले आणि चालू लागले.

त्यानंतर पंक्चरवाल्यानेही भाऊजींना येऊ नका सांगितलं. गिऱ्हाईक किल्ली द्यायला कचरतात, म्हणाला. ड्रायव्हर लोक आता दारावरून जाताना 'बाळ' म्हणत नाहीत. "काय, सोडली ना?" म्हणतात आणि डोळा मारतात. त्यांना तर पक्कं ठाऊक आहे की या माणसाने कधी थेंब घेतला नाही. म्हणूनच त्यांना जास्त मजा येते.

धाकटी दिवसभर शिवते. गणवेश झाले की दुसऱ्या ऑर्डरी येतात, तिचे टाके बघून लांबून येतात. हात सुरेखच आहे तिचा. भाऊजी काजं करतात, बटणं लावतात, इस्त्री करतात. इस्त्री त्यांना आधीपासून येतेच. घर तिच्या मशीनवर चालतं. केंद्राच्या पाटीवर आता दोघांचा फोटो लागला आहे, कान पकडलेला, आणि खाली लिहिलं आहे की आज ही एकटी सगळं घर चालवते. इतकं सगळं खोटं बोलून झाल्यावर पाटीवर लिहिलेलं शेवटी खरंच झालं.

ताई मधूनमधून पाहुण्यांना थेट घरी घेऊन येते. परवाही आली. पाहुण्या म्हणजे एक थोराड बाई, गळ्यात चष्मा, दारातच पादत्राणं काढू की नको म्हणून अडलेल्या. शेवटी नाही काढली. ताईने मशीन दाखवलं, धाकटीला दाखवलं, आणि मग इस्त्री करत उभ्या असलेल्या भाऊजींकडे हात केला. "आणि हेच ते."

"हो का?" पाहुण्या बाई म्हणाल्या. "मग? परत मोह होतो का कधी?"

भाऊजींनी इस्त्री बाजूला ठेवली, दोन पावलं पुढे आले आणि त्यांच्यासमोर तोंड उघडून 'हा' केलं. कोणी सांगितलं नव्हतं. आपले आपणच करायला लागले होते. आधीच्या कोणत्या तरी पाहुण्याने थट्टेने मागितलं असेल, तेव्हापासून. कोणी आलं की पुढे यायचं आणि श्वास सोडून दाखवायचा.

त्या बाईंनी खरंच वास घेतला. मान पुढे करून, डोळे मिटून घेतला. "अगदी स्वच्छ!" म्हणाल्या. ताईने टाळ्या वाजवल्या.

मी परसात गेले आणि भिंतीला धरून ओकले. खड्ड्यापाशी पहिल्या दिवशी ओकले होते, त्यानंतर हीच. आतून मशीनचा आवाज येत होता. धाकटीचा पाय थांबला नव्हता. तो आता कोणासाठीच थांबत नाही.

पाहुणे गेल्यावर मी चूळ भरत होते तर भाऊजी मागून आले. हातात गणवेशाचा छोटा सदरा होता, बटणं लावायचा. मग त्यांनी तळहात तोंडासमोर धरला, त्यावर श्वास सोडला आणि तो हुंगला.

"वहिनी," ते हळूच म्हणाले, "येतो का हो वास?"

"कसला वास? वेडे का काय तुम्ही!"

"नाही, खरं सांगा," ते म्हणाले, आणि तोंड उघडून माझ्यासमोर उभे राहिले.